वाळक्या फांदीवरचा वसंत: तुमच्याकडे कोण आलंय?

खिडकीकडची सीट | २३ फेब्रुवारी, सकाळी ११:०५

मुंबईत उन्हाळा, पावसाळा आणि 'जरा बरंय' असे तीनच ऋतू असतात, हे मी आजवर सगळ्यांना ऐकवत आलेय. यंदा शब्द मागे घेते. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे जानेवारीपासून घरात अडकून पडलेय. मुलुंड पूर्व, तिसरा मजला, खिडकीसमोर सोसायटीचा गुलमोहर. सध्या तोच माझा टीव्ही.

सकाळी साडेसातला टुक टुक टुक टुक सुरू होतं. एका लयीत, न थकता. इतकी वर्षं मी तो आवाज कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाचा समजत होते, खोटं कशाला बोलू. एकदा तर तळमजल्यावर जाऊन विचारूनही आले होते की तुमचा पंप बिघडलाय का. तो पंप आता समोर बसलेला दिसतो. चिमणीपेक्षा थोराड, हिरवा, कपाळावर आणि छातीवर कुंकवासारखा लाल, डोळ्याभोवती पिवळं. तांबट! तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा आवाज, म्हणून हे नाव. गंमत म्हणजे आवाज काढताना चोच बंदच असते, गळा तेवढा फुगतो. आणि प्रत्येक ठोक्याला मान इकडून तिकडे वळते, त्यामुळे आवाज नेमका कुठून येतोय ते कळतच नाही. बिचाऱ्या पंपाचा दोष नव्हता.

तर बातमी अशी की या जोडीने आमच्या गुलमोहराची एक वाळलेली फांदी पोखरायला घेतलीय. दोघं आळीपाळीने खोदतात. एक आत डोकं घालून टकटक करतो आणि मागे सरून चोचभर भुसा बाहेर टाकतो. तो भुसा बरोबर खाली उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर पडतो. भोक फांदीच्या खालच्या बाजूला आहे, जमिनीकडे तोंड करून. पाणी आत जाणार नाही. आमच्या बिल्डरला हे सुचलं असतं तर दर जुलैला बेडरूममध्ये बादली ठेवावी लागली नसती.

बाकी हजेरीपट: समोरच्या बिल्डिंगच्या अँटेनावर दयाळ पहाटे शीळ घालतो. बारा महिने तिथेच असतो म्हणे, पण गाणं आत्ता सुरू झालंय. जास्वंदीवर शिंजीर. रुळांपलीकडच्या काटेसावरीवर पान नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यावर भोरड्यांचा थवा. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि भांडण असं की फास्ट लोकलच्या दुसऱ्या वर्गाचा डबा बरा.

तुमच्या खिडकीत, परसात, गावी कोण कोण आलंय? लिहा ना. बसून बसून कंटाळा आलाय.

---

अळूचं फदफदं | २३ फेब्रुवारी, ११:४०

पंप!! ठसका लागला चहाचा. माझी आई अजून म्हणते की तो आवाज वॉशिंग मशीनचा आहे. गुडघ्याला जपा ताई.

---

पाणकावळा | २३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

छान धागा. सूचना देऊ का? ढोलीवर नजर ठेवणार असाल तर तारखा लिहून ठेवा. खोदकाम संपलं की अंडी साधारण तीन ते चार. दोघंही उबवतात, दोनेक आठवडे. त्यानंतर पिल्लं उडेपर्यंत पाच आठवडे धरा. म्हणजे मार्चच्या मध्याला अंडी असली तर मेच्या सुरुवातीला पिल्लं बाहेर.

भोरड्या आत्ताच बघून घ्या. त्या एप्रिलमध्ये मध्य आशियात निघून जातात, वीण तिकडे. आपल्याकडे येतात ते फक्त थंडीत खायला, म्हणून तर ज्वारीवाले शेतकरी त्यांच्या नावाने बोटं मोडतात. थिरथिरा आणि धोबीही सामान बांधत असतील. आपण वसंत म्हणतो तेव्हा अर्ध्या पक्ष्यांचं परतीचं तिकीट निघालेलं असतं.

---

निवांत नाना | २३ फेब्रुवारी, संध्या. ६:३०

आमच्याकडे वसईला, वाडीत, काळ्या डोक्याचा हळद्या. केळीच्या पानांमागे पिवळाधमक. आवाज बासरीसारखा. मधूनच कर्कश ओरडतो तेव्हा मात्र तोच पक्षी असं वाटत नाही. शेवग्याला फुलं आहेत, त्यावर शिंजीर आणि चष्मेवाले. विहिरीच्या काठावर भारद्वाज रोज सकाळी दर्शन देतो. हिच्या मते भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो. रोज दिसतो, त्यामुळे तपासायची सोय नाही.

जुन्या वाड्या आता कमी झाल्या हो. आमच्या शेजारची गेली मागच्या वर्षी. तिथे एक मोठा वड होता.

---

भांडुपचा बगळा | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

फ्लेमिंगोंना कुणी मोजणार की नाही? काल भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला होतो. खाडीत गुलाबी पट्टा. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, तरी माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना वाटतं फ्लेमिंगो बघायला आफ्रिकेत जावं लागतं. नोव्हेंबरच्या आसपास येतात, मेपर्यंत असतात. बहुतेक लहान रोहित (रोहित म्हणजे फ्लेमिंगोच), थोडे मोठे. तो गुलाबी रंग खाण्यातून येतो, शेवाळातून. पिल्लं राखाडीच असतात.

जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा, घड्याळ बघून नको. ऐन ओहोटीला गेलात तर पक्षी दूर चिखलात, गुलाबी ठिपके. भरतीचं पाणी चढत येतं तसे ते काठाकडे सरकतात. शिवडीलाही हेच गणित. ऐरोलीच्या केंद्रातून बोट सुटते तीही पाण्याच्या हिशोबाने.

---

चैत्रपालवी | २४ फेब्रुवारी, १०:०२

आमच्याकडे फक्त कबुतरं. 😐
मालाड, एकोणिसावा मजला. तुमचे धागे वाचून जीव जळतो.

---

पाणकावळा | २४ फेब्रुवारी, १०:३०

@चैत्रपालवी, एकोणिसाव्या मजल्यावरून घारी खालून नाही, समोरून दिसतात. ही चैन आम्हाला नाही. घारींची घरटी आत्ता चालू असतात, उंच झाडांवर आणि टॉवरवर. दुर्बीण घ्या.

---

चहाबाज | २ मार्च, पहाटे ४:५०

वेळ बघा. मी उठलेलो नाही, मला उठवलंय. खालच्या आंब्यात कोकिळा बसलीय आणि चारपासून सूर चढवतेय. या पक्ष्याला म्यूट बटण असतं का? दादरमध्ये राहतो, दिव्यांचा इतका उजेड की त्या बिचारीला रात्र झालेलीच कळत नसावी.

---

खिडकीकडची सीट | २ मार्च, ८:००

@चहाबाज, ती नाही, तो. 'कुहू' करून तुमची झोप मोडतो तो नर, काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज म्हणजे नुसतं किक-किक-किक. आपल्या सगळ्या गाण्यांत आणि कवितांत मात्र कोकिळाच गाते. काल ती आमच्या गुलमोहरावर आली होती. मी तिला ससाणा समजून तीन फोटो काढले.

---

निवांत नाना | २ मार्च, ८:४५

सुगरणीचंही तेच की. विणतो नर, नाव बाईचं. आणि कौतुक सगळं तिचं. ही वाचतेय मागून, म्हणून एवढंच लिहितो.

---

कोलशेतची काकू | २ मार्च, ११:२०

नाना 😂
आमच्या येऊरच्या पायथ्याशी बाभळीवर सुगरणीचे खोपे लटकलेत, पण आत कुणी नाही. का?

---

पाणकावळा | २ मार्च, १२:००

गेल्या पावसाळ्यातले असणार. सुगरण पावसाबरोबर विणायला घेते, तेव्हा लांब हिरवं गवत मिळतं. मार्चमध्ये दिसतात ते रिकामे बंगले. सगळ्या पक्ष्यांचा वसंत वसंतात नसतो, इतकंच.

---

सेक्रेटरी (नाइलाजाने) | १९ मार्च, रात्री १०:१५

धागा पहिल्यापासून वाचतोय, आज राहवलं नाही म्हणून लिहितो. सगळ्यांची माफी मागून.

मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे (ताईंच्या नाही). तीन वर्षांपूर्वी आमच्या आवारात अशीच एक वाळलेली फांदी 'राहू द्या, पक्षी येतात' म्हणून ठेवली. जूनच्या पहिल्याच वादळात ती पडली, रिक्षावर. रिक्षावाला चहा प्यायला उतरला होता म्हणून वाचला. त्यानंतर मीटिंगमध्ये जे ऐकून घेतलं ते माझ्या मी ऐकलेलं आहे, पक्ष्यांनी नाही. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं. पावसाआधी छाटणी करावीच लागते आणि त्याचे महिने नेमके मार्च ते मे. पक्षीप्रेमींना आम्ही खलनायक वाटतो, पण खाली लहान मुलं खेळतात.

मग करायचं काय ते कुणीतरी सांगा. टोमणा नाही, खरंच विचारतोय.

---

खिडकीकडची सीट | २० मार्च, सकाळी ७:३०

तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. कारण कालच आमच्या नोटीस बोर्डावर लागलंय: ५ एप्रिलला छाटणी. 'धोकादायक व वाळलेल्या फांद्या' या शब्दांत. माझ्या तांबटांचा पत्ता हाच आहे.

गेल्या गुरुवारपासून त्यांची टुकटुक कमी झालीय आणि एक जण सतत आत असतो. दुसरा आला की पहिला बाहेर येतो, पाळी बदलते. म्हणजे अंडी आहेत. मला रडू आलं हे लिहायला लाज वाटतेय, पण दोन महिने मी दुसरं काही पाहिलंच नाहीये.

---

भांडुपचा बगळा | २० मार्च, ८:१५

सरळ तक्रार करा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना इजा करणं, त्यांना त्रास देणं हे 'शिकारी'च्या व्याख्येतच येतं. छापील प्रत नेऊन टेबलावर आपटा.

---

निवांत नाना | २० मार्च, ९:००

आपटू नका हो. त्याच माणसांबरोबर पुढची वीस वर्षं एका लिफ्टने जायचंय.

---

पाणकावळा | २० मार्च, ९:५०

नानांशी सहमत, पण कायद्याचं कलम खिशात असू द्या. सेक्रेटरीसाहेबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक. गुलमोहर फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो. त्यामुळे या दिवसांत आख्खं झाडच वाळलेलं दिसतं आणि छाटणारे जिवंत फांद्याही सपासप उतरवतात. फांदी मेलीय का ते नखाने साल खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर जिवंत.

दोन. मेलेली फांदी बुडापासून काढावी लागते असं नाही. धोका असतो तो तिच्या लांबीचा आणि वजनाचा. टोकाकडचा भाग उतरवून खोडाजवळचा तीन-चार फुटांचा खुंट ठेवला तर तो सहसा डोक्यावर पडत नाही, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी त्यात घर करतं. मात्र ढोली नेमकी कुठे आहे ते बघून. आणि किती ठेवायचं हे झाडावर चढणाऱ्या जाणत्या माणसाने ठरवायचं, आपण खिडकीतून नाही.

तीन. तारीख. मुंबईत पाऊस सरासरी ११ जूनला येतो. ताईंची पिल्लं मेच्या पहिल्या आठवड्यात उडतील. मध्ये महिना उरतो. छाटणीला परवानगी लागतेच, तारीख पुढे ढकलता येते. तोवर फांदीखाली दोरी बांधायची, गाड्या लावायच्या नाहीत, मुलांना तिथे खेळू द्यायचं नाही.

आता ढोल्यांबद्दल. तांबट आणि सुतारपक्षी स्वतः खोदतात, त्यांना मेलेलं, भुसभुशीत लाकूड लागतं. पण त्यांनी सोडलेल्या ढोल्यांवर बाकीचे जगतात, दयाळ, मैना, पिंगळा वगैरे. धनेशाला तर मोठी तयार ढोलीच लागते, तो खोदूच शकत नाही. मादी आत बसते, विष्ठा आणि चिखलाने दार लिंपून घेते, एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून कित्येक आठवडे तिला वडा-पिंपळाची फळं भरवतो. आत असताना तिची उडायची पिसंही गळतात. एप्रिलमध्ये ते झाड पाडलं तर काय होईल, विचार करा. राखी धनेश आपल्याकडे मुलुंड, भायखळा, माटुंग्यातही आहे. तो टिकलाय तो जुन्या पोकळ झाडांमुळे, आणि आपल्याला 'धोकादायक' वाटतात ती हीच झाडं.

---

सेक्रेटरी (नाइलाजाने) | २० मार्च, १०:३०

खुंटाचं पटलं. हे आम्हाला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. एक तर 'तोडा', नाहीतर 'हात लावलात तर बघा', हेच ऐकत आलो.

---

क्लिक_क्लिक | २२ मार्च, दुपारी २:००

ताई, मुलुंडमध्ये कुठे? रविवारी कॅमेरा घेऊन येतो. आवाज रेकॉर्ड करून वाजवला तर नर लगेच जवळ येतो, मस्त फोटो मिळतात. धनेशाची ढोली कुणाला माहीत असेल तर लोकेशन टाका प्लीज.

---

पाणकावळा | २२ मार्च, २:२०

लोकेशन कुणीही टाकू नका. विणीच्या दिवसांत आवाज वाजवणं म्हणजे त्याच्या दारात उभं राहून 'बाहेर ये' म्हणणं. तो पिल्लांचं खाणं सोडून भांडायला येतो. आणि समोर वीस जण लेन्स लावून उभे राहिले तर नर धनेश ढोलीजवळ येतच नाही. आत बसलेली उपाशी.

---

क्लिक_क्लिक | २२ मार्च, ३:०५

अहो एवढं काय. कान पकडतो. खरंच माहीत नव्हतं.

---

कोलशेतची काकू | ३० मार्च, पाडवा-फराळानंतर

आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजिराने घरटं बांधलंय! कोळ्याचं जाळं, सालीचे तुकडे, आणि माझ्या निळ्या ओढणीचा एक धागाही आहे. दारावर छज्जासुद्धा! बांधते एकटी मादी. नवरोजी शेजारी बसून गातात. कपडे आता खुर्च्यांवर वाळतायत आणि घरच्यांनी मला वेड्यात काढलंय. उन्हासाठी पाणी ठेवू का?

---

अळूचं फदफदं | ३० मार्च

नवरोजींबद्दल काही बोलत नाही.
पाणी ठेवा, पण पसरट, दोन इंचांपेक्षा खोल नको. बादलीत पिल्लं बुडतात. आणि रोज बदला, नाहीतर पक्ष्यांऐवजी डेंगीचे डास पाळाल. मातीचं परळ उत्तम, प्लास्टिक दुपारी चटके देतं. घरट्यापासून जरा लांब ठेवा, पाण्यावर कावळे येतात.

---

चैत्रपालवी | ११ एप्रिल

दुर्बीण घेतली. समोरच्या मोबाइल टॉवरवर घारीचं घरटं आहे. त्यात काटक्या, एक चप्पल (खरंच) आणि दोन पिल्लं. मी उगाच रडत होते.

---

खिडकीकडची सीट | १२ एप्रिल

सांगायचं राहिलंच. कमिटीत विषय मांडला. कलम खिशातच राहिलं. पाणकावळा यांचे तीन मुद्दे मराठीत आणि हिंदीत टाइप करून नेले आणि सगळ्यांना माझ्या खिडकीत उभं केलं. पांढऱ्या गाडीचे मालक सगळ्यात मोठे विरोधक होते. बॉनेटवर भुसा पडत होता तो त्यांच्याच. दहा मिनिटं दुर्बिणीतून बघत राहिले आणि म्हणाले, "हे रोज असं खाली बघून आत जातात?" आणि मग स्वतःच गाडी दुसरीकडे लावली. ५ एप्रिलची तारीख १५ मेवर गेली. झाडाखाली दोरी बांधलीय. मुलं त्या दोरीवरून उड्या मारतात, ते वेगळं.

पिल्लांचा आवाज ऐकू येतोय. रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही की येते तशी खरखर. आई-बाप चोचीत पिंपळाची फळं घेऊन येतात, मधूनच एखादा किडा. परवा दुपारी कोकिळेला हुसकावताना कावळे या फांदीवर आदळले तेव्हा माझा श्वास अडकला होता.

---

निवांत नाना | २१ एप्रिल

पावशा आला. पहाटे 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा'. माझे वडील म्हणायचे, हा बोलायला लागला की बियाणं काढायचं. आता पेरायला जागा उरली नाही, तरी मी उठून बसतो.

---

खिडकीकडची सीट | ६ मे, सकाळी ६:५५

एक गेलं. आत्ता.

भोकातून डोकं बाहेर काढून तासभर बसलं होतं. छातीवर लाल नाही, सगळं फिकट हिरवट. बाप समोरच्या फांदीवर फळ घेऊन, पण आत येत नव्हता, तिथूनच दाखवत होता. मग ते पडलं, म्हणजे मला वाटलं पडलं, आणि तिरकं जात जात समोरच्या सोनमोहरात घुसलं. मी काठी न घेता खिडकीपर्यंत चालत गेले हे नंतर लक्षात आलं.

---

सेक्रेटरी (नाइलाजाने) | ६ मे, ७:४०

अभिनंदन. आमच्याकडे या वर्षी चार खुंट ठेवलेत. एकावर काल कुणीतरी टकटक करत होतं, बघायला गेलो तर उडालं. हिरवं होतं एवढं नक्की.

---

खिडकीकडची सीट | १७ मे

दोन पिल्लं दिसली, तिसरं असलं तर माझ्या झोपेत गेलं. परवा ठरल्याप्रमाणे छाटणी झाली. चढलेल्या माणसाने स्वतःच विचारलं, "ताई, भोकाच्या पुढून कापू ना?" पांढरी गाडी परत आपल्या जागी आलीय आणि गुलमोहर वरून खालपर्यंत लाल झालाय.

---

कोलशेतची काकू | १७ मे

माझ्या तारेवरून दोन शिंजीर उडाले आणि तिने परत त्याच घरट्याची डागडुजी काढलीय. म्हणजे कपडे अजून महिनाभर खुर्चीवर.
अवांतर: ते मातीचं परळ मुंबईत कुठे मिळेल? इथे सगळीकडे प्लास्टिकच आहे.

---

अळूचं फदफदं | १७ मे

धारावी, कुंभारवाडा. सकाळी लवकर जा, आणि दोन घ्या, एक कावळे फोडतातच.